संशोधनलेखांतील स्वानुभवकथन : त्याचें स्थान व मर्यादा

१

गेल्या कांहीं वर्षांत पोथ्यांच्या व कागदपत्रांच्या शोधाविषयीं जे लेख आमच्या वाचनांत आले, त्यांपैकीं पुष्कळांचा आरंभ एकाच साच्याचा आहे. लेखक एका आडगांवीं जातो. पडक्या वाड्याचा दरवाजा करकरतो. घरचे वृद्ध यजमान प्रथम नाहीं म्हणतात, मग चहा होतो, ओळख निघते, आणि ते विरघळतात. माळ्यावरून एक रुमाल खालीं येतो, त्याची गांठ सुटते, व लेखकाचे डोळे भरून येतात. येथवर दोन पानें झालेलीं असतात. त्यापुढें पोथीची पत्रसंख्या, ओळी, लेखनकाल, पुष्पिका, हस्ताक्षर यांचा समाचार अर्ध्या पानांत आटोपलेला असतो.

लेखकानें स्वतःविषयीं लिहिलें याबद्दल आमचा आक्षेप नाहीं. पोथी कोणत्या घरीं, कोणत्या बस्त्यांत, कोणत्या कागदांच्या सोबत मिळाली हें तो एकटाच जाणतो. त्यानें तें न सांगितल्यास दुसरा कोणीहि सांगणार नाहीं. आक्षेप आहे तो असा कीं, दोन पानें स्वतःविषयीं लिहूनहि तो नेमकें हेंच सांगावयाचें राहतो. डोळे भरून आल्याचें आपणांस कळतें. बस्त्यांत आणखी काय होतें तें कळत नाहीं.

'सदर पोथी तळेगांवीं मिळाली' एवढेंच एखाद्यानें लिहिलें, असें समजूं. तळेगांवें महाराष्ट्रांत थोडीं नाहींत. तळेगांव दाभाडे आणि तळेगांव ढमढेरे पुणें जिल्ह्यांत आहेत, तळेगांव दशासर अमरावती जिल्ह्यांत आहे, आणि आम्ही ज्या गांवीं राहतों तें वर्धा जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यांतील तळेगांव (श्यामजी पंत). कंसांतील दोन शब्द गाळले तर साधें टपालाचें पाकीटहि भलत्या गांवीं जाईल. मग शंभर वर्षांनंतरच्या संशोधकानें त्या पोथीचा माग कोणत्या तळेगांवीं काढावा? हे दोन शब्द रसहीन खरे, पण संपूर्ण शोधकथेंत त्यांच्याइतकें उपयुक्त दुसरें कांहीं नसतें. स्वानुभवाचा प्रसंग लेखांत केव्हां शोभतो व केव्हां बाधतो, याचा विचार या एका गोष्टीवरून सुरू करतां येतो.

२

न्यायशास्त्रांत प्रत्यक्ष, अनुमान, उपमान व शब्द अशीं चार प्रमाणें मानलीं आहेत. इतिहाससंशोधकाचा सारा व्यवहार बहुतांशीं चौथ्यावर, म्हणजे दुसऱ्याच्या सांगण्यावर चालतो. कोणाचें सांगणें प्रमाण धरावें? 'आप्ताचें', असें सूत्रकार म्हणतात. आणि आप्त कोण याचा खुलासा भाष्यकार वात्स्यायन करतात. त्याचें तात्पर्य असें कीं, ज्यानें वस्तु स्वतः प्रत्यक्ष जाणली आहे आणि जशी जाणली तशीच ती दुसऱ्यास कळावी अशी ज्याची इच्छा आहे, तो आप्त. त्याला लागूनच भाष्यकारांनीं आणखी एक गोष्ट सांगितली आहे, ती आम्हांस फार मोलाची वाटते. हें लक्षण ऋषि, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेंच लागू आहे. अर्थात् आप्तत्व विद्वत्तेनें येत नाहीं, कुळानें येत नाहीं व वक्तृत्वानेंहि येत नाहीं. तें पाहण्यानें आणि पाहिलें तसें सांगण्यानें येतें.

या लक्षणांत दोन अटी आहेत. शोधकथा लिहिणारे आमचे मित्र पहिली अट पुरी करतात. ते खरोखर त्या घरीं गेलेले असतात. अडचण दुसऱ्या अटीपाशीं येते. जशी वस्तु पाहिली तशी ती कळावी या इच्छेच्या जागीं आपण कसे दिसलों तें कळावें ही इच्छा येऊन बसली, कीं साक्षीदार जातो आणि कथेकरी उरतो.

कथेकऱ्याची निंदा करण्याचा आमचा हेतु नाहीं. प्रसंग सांगण्याचे दोन भिन्न उद्देश आहेत आणि त्यांची गल्लत होऊं नये, एवढेंच आमचें म्हणणें आहे. हा भेद आमच्या प्रांतांतील एका जुन्या परंपरेनें सातशें वर्षांपूर्वींच ओळखला होता. आमच्या गांवापासून वर्धा नदीपलीकडे अमरावती जिल्हा लागतो. त्या जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यांत रिद्धपूर आहे. महानुभाव पंथाचें हें आद्य पीठ, आणि मराठी गद्याचा उगम येथलाच. या पंथाच्या वाङ्मयांत प्रसंगांच्या दोन जाती स्वतंत्र ठेवलेल्या आढळतात. एक 'लीला' आणि दुसरी 'दृष्टांत'.

दृष्टांत म्हणजे एखादें तत्त्व मनांत उतरावें म्हणून सांगितलेली गोष्ट. केशोबासांच्या दृष्टांतपाठांत असे ११४ दृष्टांत असून प्रत्येकाची मांडणी सूत्र, दृष्टांत आणि दार्ष्टांतिक अशी त्रिविध आहे. आधीं सिद्धांत, मग गोष्ट, मग गोष्टीचा सिद्धांताशीं मेळ. येथें ती गोष्ट कधीं व कोठें घडली हें कोणी विचारीत नाहीं, कारण ती घडलीच पाहिजे असें नाहीं. ती जुळली म्हणजे झालें. लीलेचें तसें नाहीं. लीला ही घडलेली असावी लागते. म्हणून लीळाचरित्रांत प्रसंग कोणत्या ठिकाणच्या मुक्कामांतला, जवळ कोण होतें, प्रश्न कोणीं केला याची नोंद येते. आणि दृष्टांतपाठांत तिची गरजच पडत नाहीं.

आमचा सिद्धांत थोडक्यांत असा. स्वानुभवाचा प्रसंग दृष्टांत म्हणून सांगावयाचा असेल तर लेखकानें तो खुशाल घडवावा, पण दृष्टांत म्हणूनच सांगावा. साक्ष म्हणून सांगावयाचा असेल तर त्याला हात लावूं नये. संशोधनाच्या लेखांत येणारा प्रसंग साक्षीच्या जातीचा असतो. त्याला दृष्टांताची सजावट चढविली कीं तो दोन्हींकडून जातो. दृष्टांत म्हणून त्याला सिद्धांत नसतो आणि साक्ष म्हणून त्यावर विश्वास राहत नाहीं.

३

लीळाचरित्राच्या रचनेकडे या दृष्टीनें पाहण्यासारखें आहे. श्रीचक्रधरांच्या उत्तरापंथगमनानंतर म्हाइंभटांनीं त्यांच्या आठवणी गोळा केल्या. म्हाइंभट हे मोठे व्युत्पन्न शास्त्री. त्यांना पांडित्य दाखवावयाचें असतें तर साधन हाताशीं होतें. तरीहि त्यांनीं स्वतःची वाणी मागें ठेवली. नागदेवाचार्यांना जें ठाऊक होतें तें त्यांच्याकडून घेतलें, आणि जें त्यांनीं पाहिलें नव्हतें तें ज्यांनीं पाहिलें होतें त्यांच्याकडे जाऊन विचारलें, असें परंपरा सांगते. मूळ पोथी पुढें धामधुमींत नाहींशी झाली व अनुयायांना ती स्मरणांतून पुन्हा उभी करावी लागली. अनेकांच्या स्मरणांत फरक पडला तेव्हां त्यांनीं एक पाठ ठेवून बाकीचे पुसून टाकले नाहींत; भिन्न आठवण 'वासना' म्हणून निराळी नोंदून ठेवण्याची पद्धत त्यांच्यांत रूढ झाली. अमक्याची वासना अशी, तमक्याची अशी. आज आपण जिला पाठभेदांची नोंद म्हणतों, ती या मंडळींनीं आठवणींच्या बाबतींत केली. श्रद्धाळू अनुयायांस एकच एक सुबक कथा जास्त प्रिय झाली असती. पण त्यांनीं सुबकपणापेक्षां साक्षीची शुद्धता अधिक मानली.

त्याच परंपरेंत स्थानपोथी झाली. श्रीचक्रधर जेथें जेथें राहिले, बसले, उठले, त्या जागा, देवळें, त्यांचीं दारें कोणत्या दिशेस, मढ कोठें, याची ती यादी आहे. वाङ्मय म्हणून कोणी ती हातीं घेणार नाहीं. पण लीलांतील प्रसंग जमिनीवर उभे राहतात ते तिच्या आधारानें. यादवकालीन गांवांची रचना कशी होती हें जाणूं इच्छिणारास हें कोरडें पुस्तक आज कित्येक काव्यांहून अधिक उपयोगी आहे.

या ग्रंथांचा पुढील इतिहासहि बोधप्रद आहे. सकळ लिपीच्या आवरणाखालीं ते शतकानुशतकें मठांतून राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभीं राजवाड्यांनीं त्या लिपीचा उलगडा केला, भाव्यांनीं महानुभाव काव्य प्रसिद्धीस आणलें, यवतमाळचे यशवंत खुशाल देशपांडे यांनीं १९२५ सालीं 'महानुभावीय मराठी वाङ्मय' लिहिलें, नागपुरास हरि नारायण नेने यांनीं लीळाचरित्र छापलें, आणि डॉ. कोलते यांची संपादित प्रत १९७८ मध्यें निघाली. या सर्वांच्या श्रमांना फळ आलें याचें एक कारण असें कीं, मूळ सांगणारांनीं 'हें पाहिलें', 'हें ऐकलें', 'येथें मतभेद आहे' या रेषा पुसल्या नव्हत्या.

४

लीळाचरित्रांत सांगणारा अदृश्य आहे. परंतु सांगणारानें समोर येऊन 'मी' म्हटलें तर साक्ष बिघडतेच असें नाहीं. नाना फडणिसांनीं स्वतः लिहिलेलें छोटेंसें आत्मचरित्र याचें उत्तम उदाहरण होय. नानांचा जन्म १७४२ चा. पानिपतचा संग्राम १४ जानेवारी १७६१ रोजीं झाला तेव्हां ते एकोणिसाव्या वर्षीं होते. तीर्थयात्रेच्या हेतूनें आई व पत्नी यांस घेऊन ते भाऊसाहेबांच्या सैन्याबरोबर उत्तरेस गेले. पुढें जो प्रलय झाला त्यांत ते जीव घेऊन निघाले, वेष टाकून पायीं चालले, आणि आई अंतरली ती कायमची.

ज्या पुरुषानें पुढें मराठी राज्याचें कारभारीपण केलें, त्याला या प्रसंगाचें रूपांतर पराक्रमांत करणें अवघड नव्हतें. त्यानें तसें केलें नाहीं. आपण घाबरलों, पळालों, कोणाच्या आसऱ्यानें वांचलों हें त्यानें साध्या शब्दांत लिहिलें. आणि आपल्या तरुणपणींच्या मनाचे दोषहि झांकले नाहींत. स्वतःच्या प्रतिष्ठेविरुद्ध जाणारी गोष्ट मनुष्य सहसा खोटी सांगत नाहीं, हा न्यायालयांतला नियम येथें लागू पडतो. नानांच्या 'मी'मुळें साक्ष दुबळी न होतां बळकट झाली आहे. कारण त्या 'मी'ला कांहींच मिळवावयाचें नाहीं.

याच्या शेजारीं भाऊसाहेबांची बखर ठेवून पाहावी. बखरीची भाषा तेजस्वी आहे, तिच्यांतले संवाद मनांत घुमत राहतात, आणि मराठी गद्याच्या इतिहासांत तिचें स्थान अढळ आहे. परंतु डेऱ्यांत दोघेच बसून बोलले तें तिसऱ्यानें शब्दशः कसें ऐकलें, असा प्रश्न वाचकानें केला तर उत्तर मिळत नाहीं. उलट शुजाउद्दौल्याच्या पदरीं असलेला काशीराज पंडित १७८० च्या सुमारास पानिपतची जी फार्शी हकीकत लिहितो, तींत तो कोणत्या गोटांत होता आणि म्हणून त्याला काय दिसलें हें कळतें. भाषेच्या तेजांत त्याची बखरीशीं तुलना होणार नाहीं. पण इतिहासकार निर्णयाच्या वेळीं प्रथम त्याचें मत विचारतो. दोन्ही ग्रंथ आपापल्या जागीं थोर आहेत. चूक होते ती एकाचें काम दुसऱ्याकडून करून घेऊं गेल्यावर.

५

स्वानुभवकथनाचें मराठींतील सर्वांत रसाळ उदाहरण म्हणजे वरसईच्या विष्णुभट गोडशांचा 'माझा प्रवास'. बैजाबाई शिंद्यांच्या यज्ञांत दक्षिणा मिळेल, घरचें ऋण फिटेल, या आशेनें हे कोंकणांतले भिक्षुक आपल्या चुलत्यासह १८५७ सालीं उत्तरेस निघाले, आणि बंडाच्या वणव्यांत सांपडले. झांशीच्या वेढ्याच्या वेळीं ते शहरांत होते. पदरची जमा लुटली गेली, प्राण वांचले, आणि शेवटीं गंगेची कावड घेऊन ते घरीं परतले.

या पुस्तकाचें बळ कशांत आहे? विष्णुभट योद्धे नव्हेत, मुत्सद्दी नव्हेत. त्यांना कोठें अन्न मिळालें, कोणीं किती दक्षिणा दिली, पाणी कोठें होतें, रात्र कोणत्या घरांत लपून काढली, हें त्यांच्या लक्षांत राहिलें, कारण त्यांच्या जिवाशीं त्याची गांठ होती. काळपीच्या वाटेवर विहिरीपाशीं झांशीच्या बाईंची भेट झाल्याचा जो प्रसंग त्यांनीं दिला आहे, त्यांत बाई थकलेल्या आहेत, तहानलेल्या आहेत, आणि पाणी काढून देण्याची भटजींची विनंति नाकारून त्या स्वतःच ओंजळीनें पितात. येथें एकहि वीरवचन नाहीं. भिक्षुकाच्या नजरेस जें पडलें तेवढेंच आहे. आणि म्हणूनच, पंचवीस वर्षांनंतर आठवून लिहिलेलें असूनहि, तें खरें वाटतें.

याच पुस्तकांत दुसऱ्या प्रकारचा मजकूरहि आहे. दरबारांतल्या खलबतांच्या, दूरच्या लढायांच्या, राजघराण्यांतल्या कुजबुजींच्या ज्या गोष्टी विष्णुभटांच्या कानीं आल्या त्याहि त्यांनीं उतरल्या. त्या वाचतांना रंग अधिक गडद होतो आणि विश्वास तितकाच पातळ होतो. एकाच लेखकाच्या एकाच पुस्तकांत पाहिलेलें आणि ऐकलेलें यांत किती अंतर पडतें हें पाहावयाचें असेल तर 'माझा प्रवास' पुन्हा वाचावा.

संग्राहकांनीं विशेषेंकरून लक्षांत घ्यावा असा भाग पुढेंच आहे. चिंतामणराव वैद्यांच्या सूचनेवरून विष्णुभटांनीं ही हकीकत लिहिली आणि वैद्यांनीं ती १९०७ सालीं प्रसिद्ध केली. त्याबद्दल महाराष्ट्र त्यांचा ऋणी आहे. पण छापतांना वैद्यांनीं मूळ लेखनांत फेरफार केले, भाषा घांसली, कांहीं गाळलें, कांहीं जुळवलें. सुमारे साठ वर्षें वाचकांच्या हातीं हा संस्कारित विष्णुभटच होता. भारत इतिहास संशोधक मंडळांत हस्तलिखित सुरक्षित राहिलें, म्हणून १९६६ सालीं महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदारांना मूळ पाठ छापतां आला. वैद्यांचा हेतु शुद्ध होता. वाचनीयता वाढावी इतकेंच त्यांना हवें होतें. परंतु दुसऱ्याची साक्ष वाचनीय करणें म्हणजे साक्षीदाराच्या वतीनें आपण बोलणें. हस्तलिखित हरवलें असतें तर त्या भिक्षुकाचा स्वतःचा आवाज कायमचा गेला असता, आणि तो गेला हें कोणास कळलेंहि नसतें.

६

आतां आमच्याच मुलखांतलें अलीकडचें एक उदाहरण सांगतों. १६ ऑगस्ट १९४२ रोजीं आमच्या तालुक्याच्या गांवीं, आष्टी येथें, पोलीसठाण्यावर जमाव गेला, गोळीबार झाला, आणि दोन्ही बाजूंचीं माणसें मेलीं. त्याच दिवशीं तिकडे चिमूर पेटलें. आमच्या लहानपणीं या भागांतील घराघरांतून त्या दिवसाच्या आठवणी निघत.

पुढें नोकरींत असतांना विद्यार्थ्यांकडून अशा आठवणी लिहवून घ्याव्या असें मनांत येऊन आम्हीं दोन वृद्धांना एकाच आठवड्यांत विचारलें. पहिले गृहस्थ बोलके होते. त्यांनीं जमावाच्या घोषणा, पुढाऱ्यांचीं भाषणें, शिपायांचीं उत्तरें असें सर्व नाटकासारखें म्हणून दाखविलें. विद्यार्थी भारावून गेले. आपण स्वतः त्या वेळीं कोठें उभे होतां, असें आम्हीं विचारलें तेव्हां ते म्हणाले, "अहो गुरुजी, हें तर सगळ्यांनाच माहीत आहे!"

दुसऱ्या होत्या एक निरक्षर आजीबाई. त्यांना भाषणें ठाऊक नव्हतीं. त्या म्हणाल्या, "मी लहान होती. नागपंचमीचा दिवस. मायनं तवा चढवला नव्हता, दिंडं उकडाले ठेवले होते. बाप म्हणे, येतो. अन् न जेवताच गेला. दिंडं झाकून ठेवले ते तसेच राह्यले." बाप परत आला तो तिसऱ्या दिवशीं, शेतांतून, लपत. एवढीच त्यांची हकीकत.

आम्हीं घरीं येऊन पंचांगाचें गणित पाहिलें. १६ ऑगस्ट १९४२ या दिवशीं शके १८६४ ची श्रावण शुद्ध पंचमी होती. आजीबाईंना इंग्रजी तारीख सांगतां येत नव्हती, आणि आम्हीं तिथि विचारलीहि नव्हती. चुलीवर तवा नव्हता ही गोष्ट त्यांनीं पुरावा म्हणून सांगितली नाहीं. ती त्यांच्या आठवणींत दिंडांसकट रुतून बसली होती. नेमक्या अशा अनाहूत तपशिलानें साक्ष उभी राहते. सांगणाराला जो तपशील शोभेसाठीं लागत नाहीं, तोच परीक्षकाच्या कामीं येतो. भाष्यकारांचें लक्षण त्या आजीबाईंना पुरतें लागू होतें, आणि त्या बोलक्या गृहस्थांना नाहीं.

संस्कृतांतहि याला दाखला आहे. हर्षचरिताच्या आरंभीं बाणभट्ट आपल्या उनाड तरुणपणाच्या सोबत्यांची लांबच लांब यादी देतो. तींत गारुडी, सोनार, तांबूलवाहक, गवई, जुगारी, भिक्षु असे नाना व्यवसायांचे लोक आहेत. त्याच्या अलंकृत गद्यापुढें ही यादी ओबडधोबड वाटते. आम्हीं विद्यार्थिदशेंत ती कंटाळून ओलांडली होती. आज सातव्या शतकांतील समाजाचा अभ्यास करणारा पंडित उपमा-उत्प्रेक्षा ओलांडून त्या यादीशीं थांबतो.

७

हें सर्व दुसऱ्यांविषयीं झालें. आतां आमच्या हातून घडलेली चूक सांगणें प्राप्त आहे, कारण हा लेख लिहिण्याची बुद्धि तिच्यामुळेंच झाली.

सुमारे पस्तीस वर्षांपूर्वीं याच गांवांतील एका जुन्या घरांतून आम्हांस भागवताच्या एकादश स्कंधाची एक प्रत मिळाली. कागद हातबनावटीचा, अक्षर घोटीव, पुष्पिकेंत लेखकाचें नांव व शक, पण गांवाचें नांव नाहीं. ती कशी मिळाली हें आम्ही पुष्कळ ठिकाणीं सांगत आलों. बाहेर मुसळधार पाऊस, घर गळतें आहे, माळ्यावरून पाण्याची धार थेट बस्त्यावर, आणि आम्हीं उपरण्यांत गुंडाळून पोथी वांचविली. श्रोते वाहवा करीत. एकदोन व्याख्यानांत व एका छापील लेखांतहि हा प्रसंग आला.

दोन वर्षांपूर्वीं एका तरुण अभ्यासकानें त्या प्रतीविषयीं विचारणा केली. बस्त्यांत सोबत दुसरें काय होतें, असा त्याचा प्रश्न होता. उत्तर देण्यासाठीं आम्हीं आमची त्या वर्षाची रोजनिशी काढली. नोंद वैशाखांतली निघाली. पाऊस नव्हता. पोथीची कड ओली होती खरी, पण ती शेजारीं ठेवलेल्या रांजणाच्या पाझरानें. नोंदीच्या शेवटीं एक ओळ होती: बस्त्यांत मोडींतले चार-पांच बंद होते, घरखर्चाचे दिसले, तेथेंच ठेवले.

पाऊस आम्हीं खोटें बोलावें म्हणून घातला नव्हता. प्रथम कधीं तरी बोलण्याच्या ओघांत ओलाव्याचा पाझर झाला, पाझराची गळती झाली, आणि दर खेपेस सरी वाढत गेल्या. शेवटीं तो पाऊस आम्हांलाच आठवूं लागला. याहून वाईट गोष्ट ही कीं, त्या कथेंत मोडीच्या बंदांना जागा नव्हती. म्हणून ते आम्ही साफ विसरलों. त्या बंदांवर गांवाचें, मालकाचें, कदाचित् पोथी लिहविणाराचें नांव असूं शकलें असतें. परत जाऊन पाहावें तर तें घर कधींच पाडलें गेलें आहे. पोथी आमच्यापाशीं आहे. ती कोठून निघाली याची अर्धी साक्ष आमच्या पावसांत वाहून गेली. त्या अभ्यासकास आम्हीं रोजनिशीतील नोंद जशीच्या तशी उतरून पाठविली, आणि छापील लेखांतील प्रसंग प्रमाण धरूं नये असें कळविलें. या पानांवरहि तेंच पुन्हा कळवीत आहों.

८

यावरून कोणी असें समजूं नये कीं संशोधकानें स्वतःचा प्रसंग सांगूंच नये. 'अमुक संग्रहांत पोथी आहे' एवढ्या कोरड्या नोंदीनें मागील पिढ्यांतील कित्येक पोथ्यांचा पूर्ववृत्तांत नष्ट झाला आहे. प्रसंग सांगावाच. मात्र त्यानें साक्षीचें काम करावें, यासाठीं कांहीं पथ्यें पाळावीं.

पहिलें असें कीं, मिळाल्या दिवशींच नोंद करावी आणि पुढें लिहितांना स्मरणावर न विसंबतां ती नोंद समोर ठेवावी. दुसरें, जें आपल्यावांचून दुसऱ्यास ठाऊक असणें शक्य नाहीं तें आधीं सांगावें: गांवाचें संपूर्ण नांव, मालकाच्या संमतीनें घराची ओळख, बस्त्यांतील प्रत्येक कागद, मग तो धोब्याचा हिशेब कां असेना. तिसरें, पाहिलेलें, ऐकलेलें आणि तर्कानें जुळविलेलें हीं तीन वाक्यें एका वाक्यांत मिसळूं नयेत. घरच्या मंडळींच्या दोन आठवणी विसंगत असतील तर महानुभावांप्रमाणें दोन्ही नोंदाव्या. चौथें, जो तपशील आपली शोभा वाढवितो त्याकडे संशयानें पाहावें, आणि जो आपला कमीपणा दाखवितो तो गाळूं नये.

बिल्हणानें विक्रमांकदेवचरिताचे सतरा सर्ग राजाला दिले आणि आपलें कुळ, काश्मीर व आपली भटकंती अठराव्या सर्गांत सांगितली. आपल्याकडे राजवाड्यांच्या पायपिटीच्या कथा संशोधकांच्या बैठकींत अजून रंगतात. पण उद्यां त्या सर्व विस्मृत झाल्या तरी 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' याचे १८९८ पासून निघालेले बावीस खंड, लेखांकासहित, जागचे हलणार नाहींत. आपल्या लेखांतहि हेंच प्रमाण राहावें. संपादकांसहि आमची विनंति आहे कीं, नव्या पोथीचा परिचय छापण्यापूर्वीं लेखकाकडून मूळ नोंदीची नक्कल मागवावी व ती दप्तरीं ठेवावी. लेखांत ती छापली नाहीं तरी चालेल. पुढें कधीं कोणी बस्त्यांत आणखी काय होतें असें विचारील, तेव्हां तिचा उपयोग होईल.